घाटवाटेची मोटारसायकल आणि आपला कारागीर

पावसाळा सरला, भातकापणी उरकली की हातखंबा तिठ्यावर एक दृश्य हटकून दिसते. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, मुंबईच्या क्रमांकांच्या उंच मोटारसायकली चहाच्या टपरीसमोर रांगेने उभ्या असतात. स्वारांच्या अंगावर जाड जाकिटे, गाडीच्या दोन्ही बाजूंना पेट्या, टाकीवर पिशवी, इंजिनखाली धातूची जाड प्लेट. कोणी आंबा घाट उतरून आलेला असतो. दुसरी टोळी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून, पुढे तवसाळहून जयगडला उतरून, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने शहरात शिरते. कोणी किल्ले पाहायला येतो, कोणी उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे पाहायला. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेल्यापासून त्यांचे नाव दूरवर पोहोचले आहे. आपली पोरे त्या गाड्यांभोवती गोळा होतात, फोटो काढतात आणि विषय तेथेच संपतो.

आमच्या मते विषय तेथून सुरू झाला पाहिजे. ज्याने दीड-दोन लाखांची गाडी घेतली, त्याने पेट्या, कॅरियर, प्लेट, सीट आणि दिवे यांवर आणखी किती खर्च केला आणि तो पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला, हा प्रश्न आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी स्वतःला विचारायचा आहे. त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न आहे. ज्या रस्त्यांवर हे पाहुणे हौसेने येतात, त्याच रस्त्यांवर आपल्याला रोज पोटासाठी फिरावे लागते. मग अशी गाडी आपल्या उपयोगाची आहे काय? असल्यास कोणती घ्यावी आणि तिला काय जोडावे?

दोन्ही प्रश्नांना आमचे उत्तर एकच आहे. गाडी हलकी आणि साधी घ्यावी, उरलेला पैसा तिच्या तयारीवर लावावा आणि ती तयारी आपल्याच गावातल्या कारागिराकडून करून घ्यावी. मात्र कारागिराने ते काम मापात, कायद्यात आणि पावतीनिशी करून द्यावे.

ही गाडी वेगळी कशात?

डांबरी सडक आणि कच्ची वाट, दोन्हीकडे चालावी म्हणून बनवलेली ही मोटारसायकल. तिचे पुढचे चाक मोठे, बहुधा २१ इंचांचे असते, म्हणजे ते खड्ड्यात न अडकता दगडावरून चढून जाते. इंजिन जमिनीपासून उंच, शॉकअब्सॉर्बरची हालचाल लांब आणि हँडल रुंद असते. उभे राहूनही गाडी चालवता यावी अशी तिची बैठक असते.

आपल्याकडे ही कल्पना नवी वाटते, पण गरज जुनीच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी राजदूत आणि बुलेटवर हेच घाट पार केले. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० घाट चढण्यात पटाईत होती. बजाजच्या एम ८० ने मासळीच्या टोपल्या आणि पावाच्या पेट्या किती वर्षे वाहिल्या, हे किनाऱ्यावर कोणालाही विचारावे. कच्च्या वाटेसाठी म्हणून खास गाडी मात्र उशिरा आली. हिरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली. तिचा खप बेताचाच राहिला आणि ती बंद पडली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि लोकांची नजर बदलली. २०१९ मध्ये हिरोने एक्सपल्स २०० आणली. तेव्हा तिची किंमत लाखाच्या आसपास होती, त्यामुळे सामान्य माणसाला ही गाडी परवडू लागली. २०२३ मध्ये हिमालयनची ४५२ सीसीची नवी आवृत्ती आली, तर २०२५ मध्ये एक्सपल्स २१०.

आपल्या देशातले स्वारही या क्षेत्रात मागे राहिलेले नाहीत. डाकार रॅली २०२० पासून सौदी अरबस्तानच्या वाळवंटात होते. २०२४ च्या स्पर्धेत केरळच्या हरिथ नोआने टीव्हीएसच्या संघाकडून उतरून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. आखातात नोकरीस असलेल्या आपल्या पोरांनी त्याचे व्हिडिओ घरी पाठवले असतीलच. सांगायचा मुद्दा एवढाच की ही हौस आता थोड्या श्रीमंतांपुरती राहिलेली नाही आणि तिच्याभोवतीचा धंदाही तसाच वाढणार आहे.

आपल्या रस्त्याची मागणी

रत्नागिरीचा रस्ता म्हणजे काय, हे पुण्याच्या शोरूममध्ये बसून कळत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर पावसात शेवाळ आणि उन्हाळ्यात लाल धूळ. बागेत उतरणारी पाखाडी किंवा कच्ची उतरण, मध्येच एखादा पऱ्या आणि त्यावरचा अरुंद साकव. महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यामुळे डायव्हर्जनची खडी आणि चिखलही आपल्या पाचवीला पुजलेला होता. त्यात समुद्राची खारी हवा, जी लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते.

या रस्त्यावर रोज फिरणारे कोण? कलमांचा खंड घेणारा आंब्याचा व्यापारी, ज्याला मोहोर पाहायला, फवारणीवर नजर ठेवायला आणि तोडीच्या वेळी बागोबाग हिंडावे लागते. पहाटे मिरकरवाडा बंदरावर लिलावात मासळी घेऊन आतल्या गावांत विकणारा. पाव-बटर घेऊन वाडीवाडीत जाणारा बेकरीवाला. चिऱ्याच्या खाणीवर जाणारा मुकादम, पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, फॅब्रिकेशनचे माप घ्यायला जाणारा वेल्डर.

यांपैकी प्रत्येकाला उंच गाडी लागते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे काम शहरात आणि डांबरी रस्त्यावर आहे, ज्याला दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर तोडून पेट्रोलचा हिशोब जुळवायचा आहे, त्याने आपली शंभर सीसीची स्प्लेंडर सोडू नये. बेकरीवाल्याला आणि मासळीवाल्याला टीव्हीएस एक्सएलसारखी सपाट पायठेवणीची गाडीच सोयीची, कारण माल पुढे-मागे दोन्हीकडे ठेवता येतो. पण ज्याला आठवड्यातले चार दिवस सड्यावर, खाणीत किंवा बागेत उतरायचे आहे आणि ज्याच्या गाडीचे इंजिन आजवर दोनदा तरी दगडावर आपटले आहे, त्याने या नव्या गाडीचा विचार अवश्य करावा. त्याच्यासाठी ती चैन नाही, धंद्याचे अवजार आहे.

निवडताना काय पाहावे

पहिली गोष्ट वजन. स्प्लेंडरचे वजन ११० किलोच्या आसपास असते. एक्सपल्स २०० बाजारात आली तेव्हा ती १५४ किलोंची होती. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो आहे. कागदावर हा फरक लहान दिसतो. पण एकट्या माणसाची गाडी शेवाळलेल्या उतरणीवर आडवी झाली आणि मागे पंचवीस किलो सामान असले, म्हणजे १५४ आणि १९६ मधला फरक कंबरेला कळतो. महामार्गावर लांब पल्ल्याला, दोघांनी जायला मोठी गाडी निःसंशय आरामाची. बागेत उतरायला ती ओझे होते. जी गाडी एकट्याला उचलता येत नाही ती आडवाटेला एकट्याने नेऊ नये, हा साधा नियम आहे.

दुसरी गोष्ट उंची. एक्सपल्स २०० ची सीट जमिनीपासून ८२३ मिलिमीटर, म्हणजे सव्वाबत्तीस इंचांहून थोडी अधिक उंच आहे. सव्वापाच-साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकत नाहीत. सरावाने एका पायावर तोल सांभाळता येतो, पण शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून निर्णय घेऊ नये. उतारावर, पायांत रोजचे बूट घालून, मागे माणूस बसवून पाहावे. गाडी ठेंगणी करण्यासाठी मागचा शॉकअब्सॉर्बर बदलण्याची घाई करू नये. ज्या उंचीसाठी पैसे मोजले तीच घालवल्यासारखे होते. कुशनवाल्याकडून सीटचा फोम थोडा कमी करून घेणे हा त्याहून स्वस्त आणि परत फिरवता येणारा उपाय आहे.

तिसरी गोष्ट चाके. अशा बहुतेक गाड्यांना तारांची चाके असतात, कारण ती धक्का सोसतात. पण तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पुढची २१ इंची ट्यूब प्रत्येक गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. तेव्हा एक २१ इंची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप गाडीवर कायम असावा. अडीअडचणीला २१ इंची ट्यूब मागच्या १८ इंची टायरमध्येही तात्पुरती चालून जाते. महामार्गालगत आणि सागरी रस्त्यालगत ज्यांची टायरची दुकाने आहेत त्या आपल्या बांधवांनी अशा चार-पाच ट्यूब दुकानात ठेवाव्यात. मोठे भांडवल लागत नाही आणि अडलेला प्रवासी ते दुकान विसरत नाही.

चौथी गोष्ट दुरुस्ती. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन त्याजागी फ्युएल इंजेक्शन आले. घाटात चढताना आणि पावसाळी थंडीत ते चांगले चालते, पण बिघडले तर स्क्रू फिरवून जमत नाही. म्हणून ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग जिल्ह्यात मिळतात तीच गाडी घ्यावी. क्लच केबल मागवायला कोल्हापूर-मुंबईकडे पाहत बसावे लागेल अशी विदेशी नावाची गाडी कितीही देखणी असली तरी धंद्याच्या माणसासाठी नव्हे.

पाचवी गोष्ट पैसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या दुचाकींवर तो ४० टक्के झाला. म्हणजे सरकारी करानेही लहान गाडीच्या बाजूला माप टाकले आहे. हप्त्याने गाडी घेणाऱ्याने शोरूमची किंमत न पाहता व्याजासह एकूण बेरीज करावी. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचाच नाही त्यांनी एक-दोन वर्षे थांबून, बचतीतून, जुनी पण सांभाळलेली गाडी घ्यावी. जुनी गाडी घेताना इंजिनखालचा भाग, पुढच्या फोर्कची तेलगळती, चाकांच्या तारा आणि चेसिसचे सांधे तपासावेत. बाहेरचा रंग शेवटी पाहावा.

तयारी आणि खोगीरभरती

गाडी घरी आली की पोरांची यादी सुरू होते. फॉग लाइट, रंगीत स्टिकर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, चमकणारे आरसे. मराठीत याला खोगीरभरती हा शब्द आहे. घोडा थकतो, काम होत नाही.

आमच्या मते गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा तयारीसाठी आधीच बाजूला काढावा आणि तो या क्रमाने खर्च करावा. सर्वांत आधी आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, घोट्यावरचे बूट आणि हातमोजे. गाडी मोडली तर वेल्डर जोडतो, घोटा मोडला तर हंगाम जातो. त्यानंतर टायर, म्हणजे रस्ता आणि वाट दोन्हीला चालतील असे मध्यम खाचांचे. मग इंजिनखालची प्लेट आणि क्लच-ब्रेकच्या दांड्या वाचवणारे हँडगार्ड. त्यानंतर कॅरियर आणि पिशव्या. साइड स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी जाड पट्टी जोडून घ्यावी, म्हणजे चिखलात स्टँड रुतून गाडी पडत नाही. शे-दोनशे रुपयांचे हे काम बरेच नुकसान टाळते. दिवे सर्वांत शेवटी.

सामान खाली आणि मध्यभागी ठेवावे. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे जितके वजन जाईल तितके पुढचे चाक हलके होते आणि आंबा घाट किंवा अणुस्कुरा घाट चढताना हँडल हातात डोलू लागते. जड अवजारे दोन्ही बाजूंना सारखी वाटून ठेवावीत आणि मागे वर फक्त कपडे किंवा हलका माल ठेवावा.

पाण्याबद्दल एक शब्द. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा गाड्याही बुडाल्या. पाण्यातून काढलेली गाडी बटण दाबून सुरू करण्याची घाई इंजिनच्या जिवावर उठते, कारण सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बॅटरी सोडवावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावे, तेल आणि एअर फिल्टर बदलावे आणि मगच किक मारावी. आणि वाहत्या पऱ्यात गाडी घालण्यापूर्वी स्वतः पायी उतरून तळ पाहावा. पायी जाववत नसेल तेथे गाडी घालू नये.

कारागीर बांधवांसाठी

आता कारागिरांशी थोडे स्पष्ट बोलू. या गाड्यांचे सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आज देशात आहेत. बेंगळुरूची व्हायाटेरा, मुंबईची रायनॉक्स ही नावे प्रत्येक स्वाराला पाठ आहेत. त्यांचा माल चांगला आहे आणि घरपोच येतो. मग ग्राहकाने आपल्याकडे का यावे? कारण तयार माल सर्वांसाठी एका मापाचा असतो. एकाला आंब्याचे क्रेट ठेवायचे असते, दुसऱ्याला वेल्डिंगची पेटी, तिसऱ्याला बर्फाचा डबा. हे माप फक्त जवळचा कारागीरच घेऊ शकतो. शिवाय अर्ध्या प्रवासात कॅरियर तुटलेला पाहुणा कुरिअरची वाट पाहत बसू शकत नाही.

पण आपल्या कामात खोटही आहे. आम्ही स्वतः तिचा अनुभव घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गाडीला एका गॅरेजमध्ये मालाचे कॅरियर करून घेतले. मिस्त्रीने ते थेट चेसिसला वेल्ड केले, वर काळा रंग मारला, दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यात भर घाटात कॅरियर एका बाजूने सुटले. सांधा आतून गंजला होता आणि वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसची नळीही चिरली होती. माल गेला, गाडी महिनाभर उभी राहिली. मिस्त्रीने पैसे परत देऊ केले, तो मनाने वाईट नव्हता. त्याला कोणी शिकवले नव्हते आणि आम्हीही स्वस्तात झाले म्हणून विचारले नव्हते.

म्हणून जे त्या कामात चुकले ते येथे मांडतो.

चेसिसला वेल्डिंग करू नये. कंपनीने दिलेल्या भोकांना नटबोल्टने बसेल असा स्टँड बनवावा, म्हणजे गाडीही शाबूत राहते आणि कॅरियर काढताही येते. वेल्डिंग गाडीपासून दूर, टेबलावर करावे. गाडीवर करणे भागच असेल तर बॅटरी सोडवावी आणि इंजेक्शनच्या कंट्रोल युनिटचे कनेक्टर काढावेत, अन्यथा एका ठिणगीत हजारोंचा भाग जळतो.

इंजिनखालच्या प्लेटचे गणित पाहा. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा सुमारे २.८ किलो भरतो. तेवढ्याच आकाराचा ४ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा १.३ किलोच भरतो आणि गंजत नाही. प्लेट इंजिनच्या कवचावर न टेकवता चेसिसवर बसवावी, मध्ये बोटभर जागा सोडावी, तेल काढण्याच्या बोल्टसाठी भोक ठेवावे आणि वारा खेळेल अशा खाचा पाडाव्यात. ३ मिलिमीटरचा पत्रा सांगून २ चा लावला तर तो दगडावर एकदाच फसतो, पण त्या दिवसापासून दुकानाचे नावही फसते. मापात पाप नसावे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट भिडले की ॲल्युमिनियम झिजते. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घालावा, बोल्टला ग्रीस लावावे. नळ्यांची तोंडे उघडी ठेवू नयेत आणि तळाला पाणी निघायला बारीक भोक असावे. रंगाआधी गंज पूर्ण घासून प्रायमर द्यावा. जमेल तेथे पावडर कोटिंग करून घ्यावे.

कुशनवाल्यांनी सीटची शिवण बसण्याच्या जागेवर वरून न घेता कडेला घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी फोममध्ये मुरत नाही. ताडपत्रीच्या जाड कापडाच्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्या आपले कारागीर सहज शिवू शकतील. जाळी, दोर आणि ताडपत्रीचे काम बंदरावरच्या हातांना नवे नाही. वायरमनने प्रत्येक जादा दिव्याला वेगळा फ्यूज आणि रिले द्यावा आणि मूळ वायर मध्येच सोलून जोड मारू नये.

कायद्याची कड

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. म्हणून इंजिन, चेसिस, सायलेन्सर यांना हात लावू नये. नटबोल्टने बसणारे, काढता येणारे सामान जोडताना नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. मागे पेटी बसवायची तर तिचे मापही ठरलेले आहे. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार ती ५५ सेंटिमीटर लांब, ५१ रुंद आणि ५० उंच यापेक्षा मोठी नसावी, आणि पेटी मागच्या सीटच्या जागी बसवली तर मागे माणूस बसवता येत नाही. वेल्डर बांधवांनी हे माप दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे.

सायलेन्सरबद्दल आमचे मत कडक आहे. आवाज वाढवणारे सायलेन्सर बसवण्यात आपल्या काही गॅरेजवाल्यांना चार पैसे सुटतात, हे आम्हास ठाऊक आहे. पण त्या आवाजाने शेजारचा रुग्ण दचकून उठतो, तान्हे मूल रडते, दंड ग्राहकाला बसतो आणि बदनामी सगळ्या गल्लीची होते. हे काम दारात आले तर नम्रपणे नाही म्हणावे. नाही म्हणणाऱ्या दुकानाकडेच नीट माणूस आपली गाडी निर्धास्तपणे सोडून जातो.

पुढे काय

हा धंदा उभा करायला कारखाना लागत नाही. एक वेल्डर, एक कुशनवाला, एक वायरमन आणि एक मोटारसायकल मिस्त्री, असे चौघे एकमेकांचे नाव सांगू लागले तरी पुरे. प्रत्येकाने कामाची पावती द्यावी. तिच्यावर पत्र्याची जाडी, नळीचे माप, तारीख आणि एका पावसाळ्याची हमी लिहावी. केलेल्या कामाचे फोटो मोबाईलवर ठेवावेत. परगावचा माणूस पावती पाहून विश्वास ठेवतो, आणि एक समाधानी स्वार आपल्या टोळीतल्या दहाजणांना दुकान दाखवतो. केंद्र सरकारची २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना लोहार, शिंपी यांसारख्या अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. आपण त्यात बसतो काय याची चौकशी ज्याने त्याने करावी; अवजारांसाठी मदत आणि प्रशिक्षण दोन्ही त्यात आहे.

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले आधी मुंबईच्या गोदीत, मग आखातात गेली. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे. पण वेल्डिंग येणारा, हाताला सफाई असलेला मुलगा केवळ गावात काम नाही म्हणून परक्या वाळूत जाऊन तेच वेल्डिंग करतो, तेव्हा आपण काम शोधले का, हा प्रश्न उरतो. हातखंब्याला चहा पिणाऱ्या त्या स्वारांच्या गाड्यांना गंजलेले बोल्ट आहेत, सैल झालेली कॅरियर आहेत, फाटलेल्या पिशव्या आहेत. पुढच्या वेळी गाडीजवळ उभे राहून फोटो काढाल तेव्हा वाकून तेवढे एकदा पाहा, आणि आपल्या दुकानाचा पत्ता त्यांच्या हातात द्या.